टर्बोवर चारशे घोडे, वहीत मात्र सव्वाशे



बंदीचे दोन महिने म्हणजे आपल्याकडे इंजिनाचे महिने. १ जूनला बोटी जेटीला लागल्या की ३१ जुलैपर्यंत कुणाचा गिअरबॉक्स उतरतो, कुणाचा पंप टेस्टिंगला जातो, तर कुणी अख्खं इंजिनच बदलतो. याच दिवसांत दलालांचे फोन येतात. "मालक, टर्बोवालं इंजिन आलंय, ट्रकमधून काढलेलं, एकदम टकाटक. टर्बो बघा केवढा आहे! चारशे हॉर्सपॉवर कुठे गेला नाही."

हे शेवटचं वाक्य ऐकलं की मला आमच्या घरातली गोष्ट आठवते. आज ती सांगतो आणि तिच्यासोबत एक हिशेबही. हिशेब शाळेतल्या गुणाकाराएवढाच आहे, पण आम्ही तो वेळेवर केला नाही आणि त्याची किंमत मोजली.

आमच्या घरची गोष्ट

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या दादाने मालीमच्या ट्रॉलरसाठी जुनं सहा सिलिंडरचं इंजिन घेतलं. टर्बो मोठा होता. दलालाने मोबाईलवर टर्बोचा तक्ता दाखवला. त्यात लिहिलं होतं, हवा जास्तीत जास्त ४० पौंड प्रति मिनिट. तो म्हणाला, "एक पौंड हवेला दहा हॉर्सपॉवर, हा जगातला नियम आहे. चाळीस गुणिले दहा, चारशे झाले की नाही?"

दादाने हो म्हटलं. पैसे चारशेच्या हिशेबाने दिले. सोसायटीचं कर्ज काढलं, तरी कमी पडले म्हणून वहिनीच्या पाटल्या गहाण गेल्या. घोडे वाढले म्हणून पंखासुद्धा मोठा, जास्त पिचचा बसवला.

ऑगस्टमध्ये बोट बाहेर पडली. पहिल्या दिवसापासून काळा धूर. इंजिनाच्या प्लेटवर २००० आरपीएम होते, पण भारावर काटा १५५० च्या वर जाईना. मिस्त्री म्हणाला, "नवीन आहे, बसेल हळूहळू." ते बसलं नाही. तिसऱ्या महिन्यात जाळं पाण्यात असताना हेड गॅस्केट गेलं, दोन पिस्टन गेले, टर्बोचं चाकही घासलं. शेजारच्या बोटीने ओढून आणलं. नशीब एवढंच, की हे मोकळ्या पाण्यात झालं. आग्वादच्या तोंडावर वाळूच्या पट्टीत लाट उठलेली असताना इंजिन बंद पडलं असतं, तर आज गोष्ट वेगळी असती.

गंमत म्हणजे खरं काय ते आमच्या घरात एका माणसाला आधीच कळलं होतं. वहिनी डिझेलची वही लिहायची. जुन्या इंजिनाला जाळं ओढताना तासाला २० लिटर लागायचं, नव्याला २५ च्या आसपास. तिने दुसऱ्याच महिन्यात दादाला विचारलं होतं, "अहो, घोडे चारशे झाले म्हणता, मग चारा का नाही वाढला?"

आम्ही सगळे हसलो होतो.

टर्बोवरचा आकडा नक्की काय सांगतो?

टर्बो हा पंप आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराने त्याचं एक चाक फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतं. तक्त्यावरचे पौंड म्हणजे हे चाक एका मिनिटात जास्तीत जास्त किती वजनाची हवा ढकलू शकतं, तो आकडा. काही कंपन्या तो किलो प्रति सेकंदात देतात. एक पौंड म्हणजे ०.४५ किलो.

इथे दोन गोष्टी नीट समजून घ्या.

पहिली, हा आकडा टर्बोचा आहे, इंजिनाचा नाही. दोन इंची पाइप जोडला म्हणून विहिरीत पाणी वाढत नाही, तसंच हे. इंजिन जेवढी हवा ओढू शकतं तेवढीच टर्बोतून जाणार. शिवाय तो आकडा टर्बोच्या अगदी टोकाचा असतो. तिथे टर्बो हवा दाबण्यापेक्षा तापवण्याचंच काम जास्त करतो. रोजच्या कामाला ते टोक उपयोगाचं नाही.

दुसरी, हवा जळत नाही, डिझेल जळतं. हवा फक्त वरची मर्यादा ठरवते, म्हणजे इतक्या हवेत इतकंच डिझेल नीट जळेल, त्याहून जास्त नाही. पंप आणि नोजल जेवढं डिझेल देतील तेवढीच ताकद. टर्बो कितीही मोठा बसवा, पंप जुन्याच सेटिंगवर असेल तर घोडे जवळपास तेवढेच राहतात.

"पौंडाला दहा" हा नियम कुठून आला?

नियम खोटा नाही, पण तो आपला नाही. तो पेट्रोल गाड्यांचा आहे, त्यातही शर्यतीसाठी गाड्या वाढवणाऱ्यांचा. पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात असताना एक किलो पेट्रोलला साडेबारा किलोच्या आसपास हवा घेतं. त्या हिशेबाने पौंडाला साडेनऊ-दहा हॉर्सपॉवर येतात.

डिझेलचं तसं नाही. एक किलो डिझेल पूर्ण जळायला कागदावर साडेचौदा किलो हवा पुरते, पण सिलिंडरमध्ये डिझेल आणि हवा मिसळायला वेळच इतका थोडा असतो, की प्रत्यक्षात वीस ते तीस किलो हवा द्यावी लागते. त्याहून कमी दिली की काळा धूर सुरू. म्हणजे तेवढ्याच हवेत डिझेल इंजिन कमी इंधन जाळतं. डिझेल इंधनाचा उपयोग पेट्रोलपेक्षा चांगला करतं, त्यामुळे थोडी भरपाई होते, पण पूर्ण होत नाही.

चांगल्या हालतीतलं टर्बो डिझेल एका हॉर्सपॉवरला तासाला साधारण १६५ ग्रॅम डिझेल घेतं. हे धरून हिशेब केला तर एका पौंड हवेमागे असे हॉर्सपॉवर येतात:

– डिझेलच्या २० पट हवा, म्हणजे काळ्या धुराच्या काठावर: साधारण ८
– २५ पट हवा, म्हणजे पूर्ण भार आणि धूर ताब्यात: साधारण साडेसहा
– ३० पट हवा, म्हणजे तासन् तास चालणारं, थंड डोक्याचं इंजिन: साधारण साडेपाच

ट्रक घाटात दहा मिनिटं जोर लावतो आणि मग उतारावर श्वास घेतो. ट्रॉलरला उतार नाही. जाळं पाण्यात असेपर्यंत त्याचा घाट चालूच असतो. म्हणून आपण साडेपाच ते साडेसहा धरावेत. आठ धरू नयेत, आणि दहा तर नाहीच नाही.

इंजिन किती हवा ओढतं, ते असं काढा

दादाच्या इंजिनाचेच आकडे घेऊ. सिलिंडरचा व्यास १०.४ सेंटिमीटर, स्ट्रोक ११.३ सेंटिमीटर, सिलिंडर सहा.

पायरी १. व्यास गुणिले व्यास गुणिले स्ट्रोक गुणिले ०.७८५ गुणिले सिलिंडरची संख्या. उत्तर सुमारे ५,७६० सीसी, म्हणजे ५.७६ लिटर.

पायरी २. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच हवा भरतं. २००० आरपीएमला मिनिटात हजार वेळा, म्हणजे ५,७६० लिटर. सिलिंडर कधीच काठोकाठ भरत नाही, म्हणून ९० टक्के धरू. झाले ५,१८० लिटर, म्हणजे ५.१८ घनमीटर.

पायरी ३. आपल्या किनाऱ्यावर ३० अंशांच्या दमट हवेचं वजन घनमीटरला सुमारे १.१५ किलो. म्हणजे टर्बो नसता तर मिनिटाला जवळपास सहा किलो, १३ पौंड हवा. साडेसहाने गुणलं तर ८५ च्या आत-बाहेर हॉर्सपॉवर.

पायरी ४. आता टर्बो. पूर्ण भारावर बूस्टचा काटा ०.९ बार दाखवत असेल (साधारण १३ पीएसआय), तर बाहेरच्या हवेचा दाब धरून एकूण दाब १.९ पट झाला. म्हणून हवाही १.९ पट झाली असं समजू नका. दाबली की हवा तापते, आणि तापली की फुगून हलकी होते. ३० अंशांची हवा या दाबाला ११५ अंशांच्या वर जाते. त्यामुळे आफ्टरकूलर नसेल तर हवा भरते फक्त दीडपट. आफ्टरकूलर चांगला असेल आणि हवा ६० अंशांवर येत असेल, तर पावणेदोन पटीच्या जवळ.

पायरी ५. आफ्टरकूलर नसताना मिनिटाला १९ पौंडांच्या वर, म्हणजे सुमारे १२८ हॉर्सपॉवर. आफ्टरकूलर असताना साधारण २३ पौंड, म्हणजे १५० हॉर्सपॉवर.

टर्बोच्या तक्त्यावर ४० पौंड होते. इंजिनाला २३ च्या वर गिळताच येत नव्हते. चारशेचे दीडशे झाले ते असे. तेही पंप, नोजल, पिस्टन, रिंगा सगळं ठीक असेल तर.

यात एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. तोच टर्बो, तोच बूस्ट, पण आफ्टरकूलर साफ असणं आणि नसणं यात वीसेक घोड्यांचा फरक. खाऱ्या पाण्याने आफ्टरकूलरच्या नळ्या चोंदल्या असतील तर नवीन टर्बोवर पैसे घालण्याआधी त्या साफ करून घ्या.

टर्बो घोडे किती वाढवतो?

टर्बो मुळात गाड्यांची चीज नाही, तो लवकरच बोटींवर चढला. स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं. १९२० च्या दशकात 'प्रॉइसेन' आणि 'हान्सेश्टाट डान्झिग' या दोन जर्मन प्रवासी बोटींच्या डिझेल इंजिनांना त्यांच्या पद्धतीचे टर्बो बसवले गेले. इंजिनांची ताकद १,७५० वरून २,५०० हॉर्सपॉवर झाली. म्हणजे दीडपटीच्याही थोडी आत.

आजचे टर्बो त्याहून पुढे गेलेत, दाब जास्त देतात. पण त्या दाबाला पिस्टन, बेअरिंग, हेड, थंड पाण्याची व्यवस्था, सगळंच तसं बनवावं लागतं. साध्या इंजिनावर नुसता टर्बो चढवून ताकद चौपट होत नाही. तसं कुणी सांगत असेल तर तो एक तर अडाणी आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतो.

उलट गरजेपेक्षा मोठा टर्बो तोट्याचाच. मोठं चाक फिरवायला धूर पुरत नाही, म्हणून कमी आरपीएमला बूस्ट येतच नाही. जाळं ओढताना आपण नेमके तिथेच असतो. मग काळा धूर, जास्त डिझेल, तापलेला एक्झॉस्ट. हवा फारच कमी असेल तर चाकाकडून ती उलटी फिरते आणि टर्बो भक्-भक् आवाज करतो. तसं वारंवार झालं की बेअरिंग जातं.

वहिनीचा हिशेब

वरचा हिशेब इंजिन घेण्याआधीचा. इंजिन बोटीवर बसलं की त्याहून सोपा आणि पक्का हिशेब आहे, आणि तो आमच्या वहिनीच्या वहीत होता.

एक लिटर डिझेलचं वजन साधारण ८३५ ग्रॅम. एका घोड्याला तासाला १६५ ग्रॅम लागतं. म्हणजे तासाला एक लिटर डिझेल म्हणजे पाच हॉर्सपॉवर. इंजिन जुनं, झिजलेलं असेल तर साडेचार धरा.

चारशे हॉर्सपॉवर खरंच वापरले तर तासाला ८० लिटर डिझेल लागणारच. आमच्या वहीत २५ होते. पंचवीस पंचे सव्वाशे. इंजिन घसटत, धूर काढत चाललं होतं, म्हणजे खरे त्याहूनही कमी. आमचा सगळा घोटाळा त्या एका ओळीत लिहिलेला होता, फक्त वाचला कुणी नाही.

हे मोजताना एक काळजी घ्या. खुणा केलेला कॅन लावून, भारावर, स्थिर आरपीएमला किमान अर्धा तास चालवा. पंपाकडून आणि नोजलकडून परत येणारं डिझेल, म्हणजे रिटर्नचा पाइप, त्याच कॅनमध्ये सोडा. रिटर्न मोठ्या टाकीत गेला तर खप जास्त दिसेल आणि घोडेही फुगलेले दिसतील. दलालाला तेच हवं असतं.

मोठा पंखा का अंगाशी आला?

पंख्याला लागणारी ताकद आरपीएमबरोबर फार वेगाने वाढते. मोकळ्या पाण्यात आरपीएम ८० टक्क्यांवर आणले तर ताकद जवळपास निम्मीच लागते. उलट बाजूने पाहा. चारशे घोड्यांच्या हिशेबाने घेतलेला पंखा दीडशेच्या इंजिनाला फिरवताच येत नाही. इंजिन आरपीएम गाठत नाही. आरपीएम नाही म्हणून हवा कमी, पण गव्हर्नर मात्र पूर्ण डिझेल देत राहतो. कमी हवा आणि पूर्ण डिझेल म्हणजे काळा धूर, लाल एक्झॉस्ट, आणि शेवटी पिस्टन.

म्हणून चाचणीला पूर्ण थ्रॉटलवर प्लेटवरचे आरपीएम आलेच पाहिजेत. येत नसतील तर "बसेल हळूहळू" ऐकू नका. आधी पंखा बघा, मग आफ्टरकूलर, फिल्टर आणि पंप. दादाच्या बोटीला पुढे जुना पंखा परत लावला, इंजिन दुरुस्त केलं आणि ते नीट चाललं. दीडशेचं इंजिन म्हणून ते वाईट नव्हतंच. चारशेचं म्हणून घेतलं, तिथे चूक झाली.

पैसे देण्याआधी एवढं करा

१. इंजिनाची प्लेट वाचा, टर्बोची नव्हे. किलोवॅट लिहिलं असेल तर १.३४ ने गुणा. ११० किलोवॅट म्हणजे १४७ हॉर्सपॉवर. त्याच इंजिनाचा ट्रकसाठीचा आकडा वेगळा आणि सलग चालणाऱ्या बोटीसाठीचा वेगळा असतो, कुठला आहे ते विचारा.

२. व्यास, स्ट्रोक, सिलिंडर आणि आरपीएम विचारा आणि वरच्या पाच पायऱ्या करा. दलालाचा आकडा तुमच्या उत्तराच्या दीडपट असेल तर भाव तिथेच थांबवा.

३. पंपाच्या टेस्टिंगचा कागद मागा. डिझेल किती देतो हे कळल्याशिवाय घोडे कळत नाहीत.

४. भारावर चाचणी घ्या. बूस्ट, आरपीएम, धुराचा रंग, अर्ध्या तासाचं डिझेल, चारही लिहून ठेवा. जेटीला बांधून रिकामं गुरगुरवलेलं इंजिन काहीच सांगत नाही.

५. इंजिनाची खोली बघा. शंभर हॉर्सपॉवरचं इंजिन मिनिटाला सहा घनमीटर हवा खातं. खोलीची झडप लहान असेल आणि टर्बो ३० ऐवजी ५० अंशांची हवा ओढत असेल, तर सहा टक्के हवा तिथेच गेली.

६. पंखा खऱ्या हॉर्सपॉवरवर घ्या, आणि इंजिन बदललं की नोंदणीतही खरा आकडा लावून घ्या. उद्या विम्याचं काम पडलं तर कागद आणि इंजिन जुळलं पाहिजे.

वहिनीच्या पाटल्या सोडवायला आम्हाला तीन हंगाम लागले. आता कुठलंही इंजिन बघायला जायचं झालं की दादा आधी विचारतो, "वही घेतलीस?" आणि वहिनी वही घेऊन सोबत येते. दलाल तिच्याकडे बघून हसतात, मग ती तासाला किती लिटर विचारते आणि त्यांचं हसू जातं.

तुमच्याही घरात डिझेलची वही कुणीतरी लिहितच असेल. बायको, आई, नाहीतर कॉलेजात जाणारी मुलगी. इंजिनाचा सौदा करायला जाताना त्यांना सोबत न्या. आणि यंदा दर्याला नारळ देण्याआधी एक तास काढून आपलं डिझेल मोजा. आपल्या बोटीवर खरे घोडे किती आहेत, ते दलालाच्या आधी आपल्याला माहीत असलं पाहिजे.

दर्या सगळ्यांना सुखरूप घरी आणो.